पान दे कोको: सारण मोदकाचं, पाव मनिलाचा

प्रकरण मनिलातल्या एका मराठी घरचं आहे. मे महिना, स्वयंपाकघरात ३१-३२ अंश, भाड्याच्या फ्लॅटमधला ३५ लिटरचा टेबलटॉप ओव्हन आणि १६ नगांचा एक घाणा. करायचं होतं पान दे कोको, म्हणजे पोटात गोड खोबरं भरलेला मऊ, चपटा पाव. नारळाचं सारण मराठी घराला नवं नाही, त्यामुळे अवघड जाणार ते यीस्टचं, असा हिशेब होता. झालं उलटं. पीठ व्यवस्थित फुगलं, किंबहुना जास्तच फुगलं, आणि घात केला तो सारणाने.

ट्रे बाहेर आला तेव्हा निम्म्याहून अधिक पाव तळाशी फुटलेले होते. प्रत्येकाभोवती काळ्या पाकाचं कडं होतं आणि बटर पेपर त्याला घट्ट चिकटला होता. न फुटलेले वरून देखणे दिसत होते. पण कापल्यावर आत डोक्याशी मोठी पोकळी, सारण तळाला बसलेलं आणि त्याच्या खाली ओलसर, चिकट रेघ. गोडाला काही कमी नव्हतं, पण तळाचा घास कडू.

आधी हा पाव काय आहे ते थोडक्यात. फिलिपिन्समध्ये गल्लोगल्ली पानादेर्‍या, म्हणजे बेकऱ्या असतात. सकाळी तिथे पानदेसाल, म्हणजे रोजचा साधा पाव खपतो आणि दुपारच्या मेरिएंदाला, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याला गोड पाव: स्पॅनिश ब्रेड, एन्सायमादा, पान दे रेग्ला आणि हा पान दे कोको. गहू तिथे पिकत नाही म्हटलं तरी चालेल, मैद्याचा गहू बाहेरून येतो. पाव भाजायची रीत स्पॅनिश अमलात रुजली आणि पोटातला नारळ तिथल्याच मातीतला. मध्य अमेरिकेत होंडुरासमध्येही याच नावाचा पाव आहे, पण त्यात नारळाचं दूध पिठातच घालतात आणि पोटात काही भरत नाहीत. इंटरनेटवर कृती शोधताना ही गल्लत हमखास होते, तेव्हा कृतीत सारण आहे की नाही ते आधी पाहावं.

या घाण्याचं प्रमाण असं होतं. मैदा ५०० ग्रॅम, दूध २७० मिली, अंडं एक, साखर ८० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. सारणाला खवलेला ओला नारळ ३०० ग्रॅम, चिरलेला गूळ २०० ग्रॅम आणि वेलची. सारण कढईत सहा-सात मिनिटं परतलं, मोदकाला करतो तितकंच. पिठाच्या ६० ग्रॅमच्या लाटीत ३० ग्रॅम सारण भरलं. पहिलं फुगणं ९० मिनिटं, भरल्यावर दुसरं ६० मिनिटं, मग खालच्या कप्प्यात १९० अंशावर २२ मिनिटं.

कागदावर यातलं काहीच वेडंवाकडं नाही. म्हणूनच हे प्रकरण उलगडून पाहण्यासारखं आहे.

अशा घाण्यात तपास ट्रेपासून सुरू करावा. पाक कुठून बाहेर आला त्यावरून कारण कळतं. बाजूने फुटला असेल तर पारी तिथे पातळ पडली होती. वरून फुटला असेल तर पाव फुगायला कमी वेळ मिळाला आणि ओव्हनमध्ये तो एकदम उसळला. तळाच्या सांध्यातून आला असेल तर दोनच शक्यता: सांधा नीट बंद झाला नव्हता, किंवा सारणात मोकळा पाक होता. इथे कडी सगळी तळाशी होती. पाव उलटे करून पाहिल्यावर सांध्यांत खोबऱ्याचे धागे अडकलेले दिसले, आणि न फुटलेल्या पावांच्या तळालाही ओलसर तपकिरी डाग होते. म्हणजे दोन्ही शक्यता खऱ्या होत्या.

आता सारणाचा हिशेब. ओल्या नारळाच्या किसात साधारण ४७ टक्के पाणी असतं. ३०० ग्रॅम किसात म्हणजे १४० ग्रॅमच्या आसपास. कढईत ५०० ग्रॅम माल गेला आणि भरताना सारण ४८० ग्रॅम भरलं; म्हणजे आटलं जेमतेम २० ग्रॅम. उरलेलं १२० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम गूळ मिळून ३२० ग्रॅम पाक झाला, आणि तो धरून ठेवायला खोबऱ्याचा कोरडा भाग फक्त १६० ग्रॅम. दुप्पट पाक! तो काही पातळ नव्हता, कढईत चांगला चकचकीत आणि चिकट दिसत होता. पण गार असताना घट्ट दिसणारा पाक ९० अंशाच्या पुढे पाण्यासारखा वाहतो. त्यामुळे पाक किती घट्ट आहे हे पाहून उपयोग नाही, खोबऱ्याच्या मानाने तो किती आहे हे पाहायचं.

हेच सारण मोदकात का चालतं? उकडताना तापमान १०० अंशाच्या वर जात नाही, पारी फुगत नाही आणि तोंड वर असतं. पाक सुटला तरी तो खालच्या अखंड पारीत साठतो, आणि खाताना तोच पाक आपण मिटक्या मारत खातो. पान दे कोकोचं तोंड तळाला असतं. सुटलेला पाक वजनाने खाली येतो, नेमका सांध्यावर. तो सांधा तापलेल्या ट्रेला टेकलेला असतो. आत सारण इथेही शंभराच्या आसपासच राहतं, पण गळून ट्रेवर आलेल्या पाकातलं पाणी दोन-तीन मिनिटांत उडतं आणि मग तो ट्रेच्या तापमानाला जाऊन जळतो. गूळ साखरेपेक्षा लवकर काळवंडतो, कारण त्यात फुटलेली साखर, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जास्त असते. कडू कडं त्यातून आलं.

फिलिपिनो घरांत या सारणाला बहुधा ब्राऊन शुगर किंवा नेग्रोस बेटाकडची मस्कोवादो, म्हणजे शुद्ध न केलेली साखर वापरतात. मस्कोवादो गुळाच्या चवीला जवळची आहे. गूळच वापरायचा असेल तर वापरावा, चवीला उत्तमच. मात्र प्रमाण कमी करून आणि सारण पुरतं आटवून. वेलचीबद्दल मत विचाराल तर ती घातली की तोंडाला आपली करंजी लागते. वाईट लागत नाही, पण पान दे कोकोची साधी, लोण्या-खोबऱ्याची चव मागे पडते. थोडा व्हॅनिला घालणारे असतात, काही जण पंदानचं सुवासिक पान टाकतात. काही नाही घातलं तरी चालतं.

सुधारलेलं सारण असं. ओला नारळ ३०० ग्रॅम, ब्राऊन शुगर १२० ग्रॅम, लोणी १५ ग्रॅम, मैदा १० ग्रॅम, चिमूटभर मीठ. एकूण साधारण ४४५ ग्रॅम. रिकाम्या कढईचं वजन आधी टिपून ठेवायचं. नारळ आणि साखर मध्यम आचेवर ठेवली की तीन-चार मिनिटांत पाणी सुटतं आणि सारण सैल पडतं. इथे घाबरून गॅस मोठा करू नये. परतत राहायचं. दहा-बारा मिनिटांनी उलथनं कढईच्या तळावरून ओढलं की मागे कोरडी वाट राहते आणि तिच्यात पाक परत वाहून येत नाही. मग लोणी घालायचं, मैदा भुरभुरायचा आणि आणखी दोन मिनिटं परतायचं. मैद्यातला स्टार्च ६०-६५ अंशांच्या पुढे फुलतो आणि उरलासुरला पाक बांधून ठेवतो. कढईसकट वजन करून सारण ३८० ते ३९० ग्रॅम भरलं की उतरवायचं. आता पाक राहिला खोबऱ्याच्या कोरड्या भागाच्या सव्वापट. ३६० च्या खाली गेलं तर मात्र सारण गार झाल्यावर भुसभुशीत होतं आणि पावात कोरडं लागतं. तसं झालं तर दोन चमचे दूध शिंपडून एक मिनिट पुन्हा गरम करावं.

नारळ कोणता, हाही प्रश्न आहेच. मनिलाच्या बाजारात नारळ यंत्रावर समोर खवून देतात. घरात कुदकुरान असतो, लाकडी बैठकीला लोखंडी दातेरी पातं लावलेला. आपल्या खवणीला पाहताच ओळख पटावी असा. गोड सारणाला अगदी जून, तेलकट नारळ नको आणि शहाळ्याची मलईही नको. जून नारळ भरपूर तेल सोडतो, कोवळा लगदा होतो. दूध काढून उरलेला चोथा तर वापरूच नये; त्यात साखर कितीही घाला, चव भुशाची येते. सुकं डेसिकेटेड खोबरंच हाताशी असेल तर १५० ग्रॅम खोबऱ्याला १३० मिली कोमट दूध घालून अर्धा तास झाकून ठेवावं, मग साखर घालून परतावं. वेळ निम्म्याहून कमी लागतो.

दुसरा दोष सांध्याचा. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं. मनिलाच्या, किंवा मुंबई-रत्नागिरीच्याही, उन्हाळ्यात सारणातलं तेल भरताना पूर्ण पातळ असतं. ते बोटांना लागतं, बोटांवरून पारीच्या कडेला, आणि तेल लागलेली कड दुसऱ्या कडेला चिकटत नाही. दाबल्यावर चिकटल्यासारखी दिसते, ओव्हनमध्ये वाफेचा पहिला दाब आला की उघडते. अडकलेला एखादा खोबऱ्याचा धागाही पुरतो: त्याच्या बाजूने पाक बाहेर झिरपत राहतो.

यावर उपाय सोपा आहे. सारण गार झालं की २४-२४ ग्रॅमचे १६ लाडू वळून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायचे. तेल गोठतं, लाडू हातात सुटत नाही. भरताना एका हाताने फक्त लाडू उचलायचा, दुसऱ्या हाताने पारी सांभाळायची. कडेला लाडवाचा हात लावायचा नाही. सांधा बंद केल्यावर पाव उलटा धरून बोटांनी हलकेच ताणून पाहावा. धागा दिसला तर तो चिमटीत ओढून काढावा आणि तिथे पुन्हा दाबावं. भरताना कडेला कोरडं पीठ लावायची सवय असते, तीही इथे नको. पीठ लागलेली कडसुद्धा उघडते.

सारण ३० ग्रॅमवरून २४ वर आणलं हे कंजूषपणाने नव्हे. मोदकात सारण पारीपेक्षा जास्त असलं तर कौतुक होतं. इथे पारीला फुगायचं असतं. ५८ ग्रॅमच्या लाटीला २४-२५ ग्रॅम हा चांगला मेळ. तिशीच्या पुढे गेलं की भिंत कुठेतरी पातळ पडतेच.

आता पीठ. ९० मिनिटांचं फुगणं ही थंड देशातल्या कृतीतली वेळ आहे, २१-२२ अंशांच्या खोलीतली. ३१ अंशाला, त्यातही १० ग्रॅम यीस्ट घालून, पीठ पाऊण तासातच तयार होतं. पुढची ४५ मिनिटं ते नुसतं सैलावत जातं. बोट लावलं की खोलगट राहतं, वास आंबूस येतो, लाटी वळताना वरची त्वचा फाटते. असं पीठ सांधा धरत नाही. त्यात सगळा साधा मैदा आणि २७० मिली दूध. हातांना मऊ लागलं, पण भरायच्या पावाला ते जरा जास्तच सैल होतं.

म्हणून बदल असे. ब्रेड फ्लोअर ४०० ग्रॅम आणि मैदा १०० ग्रॅम. ब्रेड फ्लोअर म्हणजे कडक गव्हाचं पीठ, फिलिपिन्समध्ये त्याला फर्स्ट क्लास फ्लोअर म्हणतात. भारतात ते मिळालं नाही तर सगळा मैदा घ्यावा. दूध २४० मिली (सगळा मैदा असेल तर २० मिली कमी), फ्रिजमधलं थंड. अंडं एक, साखर ८० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, यीस्ट ६ ग्रॅम. साखर पिठाच्या १६ टक्के आहे आणि इतकी साखर साध्या यीस्टला जड जाते. गोड पिठासाठीचं वेगळं इन्स्टंट यीस्ट मिळत असेल तर तेच घ्यावं, नाहीतर साधंही चालेल, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. मीठ वाढवलं ते चवीसाठी आणि यीस्टला थोडा लगाम म्हणून.

लोणी सोडून सगळं एकत्र करून पाच मिनिटं मळायचं, मग मऊ लोणी तीन वेळा घालून आणखी सात-आठ मिनिटं. लोणी घालताच पीठ फाटल्यासारखं, ओघळल्यासारखं होतं. वरून मैदा टाकायचा मोह आवरावा, ते आपोआप सावरतं. शेवटी पीठ गुळगुळीत, किंचित घट्ट, पोळीच्या कणकेहून थोडं मऊ. मळून झाल्यावर त्याचं तापमान २६-२७ अंश असावं. थंड दूध त्यासाठीच. पहिलं फुगणं घड्याळावर नाही, आकारावर: पावणेदोन पट झालं की पुरे. मनिलाच्या उन्हाळ्यात ४५ ते ५० मिनिटं, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात दीड तासाच्या वरही जाईल.

हवा काढून ५८ ग्रॅमच्या १६ लाट्या करायच्या, गोल वळून दहा मिनिटं झाकून ठेवायच्या. ही विश्रांती टाळली की पारी थापताना मागे ओढते. मग लाटी तळव्याने नऊ सेंटिमीटरपर्यंत पसरवायची. मध्य जाड, कड पातळ. कड जाड राहिली तर मिटताना तळाशी पिठाची गाठ होते, आणि कापल्यावर सारणाखाली दिसणारी चिकट रेघ बहुतेक वेळा ही गाठच असते. लाडू मध्ये ठेवून कडा एकत्र आणायच्या, चिमटून पीळ द्यायचा, सांधा खाली करून ट्रेवर ठेवायचा.

इथे बरेच जण थांबतात आणि पोकळीची तयारी करतात. पान दे कोको चपटा असतो तो दिसायला म्हणून नव्हे. गोल ठेवलेल्या पावात ओव्हनमध्ये घुमट वर जातो, सारण वजनाने खाली राहतं, आणि मध्ये साठलेल्या वाफेला जायला वाट नसते. पाव गार झाल्यावर वाफ जाते, पोकळी राहते. या घाण्यात सारण कोमट असतानाच भरलं होतं, त्याने भर पडली: सारणाला लागून असलेलं पीठ बाकीच्यापेक्षा लवकर फुगलं आणि आतून सुटलं. म्हणून भरून पाच मिनिटं झाली की प्रत्येक पाव तळव्याने दाबून साडेसात सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड करायचा. सारण कडेपर्यंत पसरतं आणि घास सगळीकडे सारखा लागतो.

दुसरं फुगणं ३० ते ३५ मिनिटं. बाजूला बोट हलकं दाबलं की खळगा सावकाश, अर्धवट भरून यावा. लगेच भरला तर थांबा, मुळीच भरला नाही तर उशीर झाला, तसाच आत घाला. मग एक अंडं आणि एक चमचा दूध फेटून ब्रशने लावायचं आणि त्यानंतर काट्याने मध्यभागी दोनदा टोचायचं, दाते सारणाला लागेपर्यंत. क्रम महत्त्वाचा. आधी टोचून मग अंडं लावलं तर अंड्याने भोकं बुजतात आणि वाफ पुन्हा कोंडते. पानादेरीतल्या पावांवर दिसणारी ती भोकं नक्षी नाही. टोचल्यावर पाव किंचित बसतो, बसू द्यावा.

अंडं न खाणाऱ्यांनी पिठातलं अंडं काढून दूध ४० मिली वाढवावं, वरून दूध-साखर लावावी. रंग फिका येतो, चवीत फार फरक नाही.

भाजणं. टेबलटॉप ओव्हनची तबकडी १७५ दाखवते तेव्हा आत १५५ किंवा १९५ काहीही असू शकतं, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेणं ही या सगळ्या सामानातली सगळ्यात उपयोगी खरेदी. या घरात ट्रे खालच्या कप्प्यात, तापणाऱ्या खालच्या कांडीच्या अगदी वर होता. तळ लवकर करपला आणि मधला भाग मागे राहिला. ट्रे मधल्या कप्प्यात, १५ मिनिटं आधी तापवलेला ओव्हन, १७५ अंश, १८ ते २० मिनिटं. खालची कांडी तिखट असेल तर ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवावा. १२ मिनिटांनी वरचा रंग पुढे पळत असेल तर अॅल्युमिनियम फॉइल सैल झाकावी. १६ नग एका खेपेला मावत नसतील तर उरलेले भरलेले पाव फ्रिजमध्ये ठेवावेत, ओट्यावर नव्हे.

झालं की नाही हे रंगावरून कळत नाही, अंड्यामुळे रंग आधीच येतो. सुई टोचली तर सारण लागून ओली निघते. पिठाच्या भागात तिरकं खुपसलेलं थर्मामीटर ९० अंश दाखवायला हवं. ते नसेल तर एक पाव उलटून सांधा पाहावा: कोरडा, फिका सोनेरी आणि दाबल्यावर परत वर येणारा. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत जाळीवर. ट्रेवरच राहिले तर तळ घामेजतो आणि इतकी मेहनत घेतलेला सांधा ओला होतो.

बदललेल्या प्रमाणाने त्याच ओव्हनमध्ये पाव तळाशी कोरडे निघाले. एखाद्या पावाला पाकाचा ठिपका येतो, तो हाताने बंद केलेल्या घाण्यात यायचाच. पोकळी बोटभरावरून अर्ध्या सेंटिमीटरवर आली. ती पूर्ण जात नाही, बेकरीतल्या पावातही थोडी असते.

टिकाऊपणाचं तेवढं सांगायला हवं, कारण आत ओला नारळ आहे. उकाड्यात हे पाव त्याच दिवशी संपवावेत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. नारळ उतरला की आधी वास येतो, मग सारण बुळबुळीत लागतं. असा पाव गरम करून वाचत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस चालतात, पण पाव कडक होतो. खाण्याआधी १५० अंशावर पाच मिनिटं किंवा मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद. जास्तीचे करायचे असतील तर पूर्ण गार करून एकेक गुंडाळून गोठवावेत, महिनाभर राहतात. गोठवलेला पाव आधी तासभर बाहेर ठेवावा, मग गरम करावा. सरळ गोठलेला तापवला तर वरचा पाव सुकतो आणि सारण मध्ये गारच राहतं.